रुक्मिणीहरण प्रकरण : नेमलेले आणि वरलेले
(अभ्यासपाठ)



पाठाचे निमित्त

वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या वनप्रदेशात चिमूर हे गाव आहे. तेथील मुक्कामी सायंकाळच्या पोथीवाचनात श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील रुक्मिणीहरणाचे प्रकरण चालू होते. निरूपण संपल्यावर एका उपदेशी घरातील मुलगी उभी राहिली व म्हणाली, “बाबा, रुक्मिणीनं भावाचं ऐकलं नाही तर आपण तिचे धवळे गातो. मी नाही म्हटलं तर घरचे म्हणतात, कपाळावर लिहिलेलं पुसता येते का?”

चौकशी केल्यावर कळले ते असे. मुलीचे लग्न थोरल्या भावाने ठरविले होते. ज्या घरी द्यावयाची त्या घरी प्रतिवर्षी कुलदेवतेस पशुबळी देण्याची रीत, आणि त्या पूजेत नव्या सुनेने बसावयाचे. मुलीने लहानपणी उपदेश घेतलेला. तिने नकार दिला तेव्हा भावाने उत्तर दिले, “रुक्मिणीसुद्धा अंबिकेच्या देवळात गेलीच होती. तू काय तिच्याहून मोठी?”

मी त्या वेळी घाईने म्हणालो, “रुक्मिणी भगवंताची पट्टराणी. तिची गोष्ट वेगळी, आपली वेगळी.” मुलीने दंडवत घातला व ती खाली बसली. पुन्हा काही बोलली नाही.

तिचे ते न बोलणे मला रात्रभर टोचत राहिले. रुक्मिणीची गोष्ट वेगळी असेल तर ती आपण कशासाठी वाचतो? जिचे आचरण कोणाच्याच कामी येत नाही, अशी कथा मनोरंजनार्थ होईल, शास्त्रार्थ होणार नाही. माझे उत्तर हे उत्तरच नव्हते, ती टाळाटाळ होती. म्हणून सर्व प्रकरण पुन्हा आरंभापासून पाहिले. त्या पाहण्यातून जे हाती आले तेच या पाठात मांडले आहे.

प्रकरणाचा अन्वय

हे प्रकरण दशम स्कंधाच्या ५२, ५३ व ५४ या तीन अध्यायांत आहे. विदर्भाचा राजा भीष्मक. त्याला पाच पुत्र, त्यांत रुक्मी थोरला, आणि एक कन्या, रुक्मिणी. कुंडिनपूर ही राजधानी. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी असलेले कौंडण्यपूर तेच हे स्थान, अशी परंपरा आहे. विदर्भातील आपणां सर्वांस ही माहेरच्या लेकीची कथा आहे.

रुक्मिणीने घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मुखाने श्रीकृष्ण भगवंताचे गुण ऐकले आणि मनाने त्यांना वरले. आप्तांचीही इच्छा तीच होती. परंतु रुक्मी श्रीकृष्णाचा द्वेष करी. त्याने आप्तांना अडविले व चेदिराज दमघोषाचा पुत्र शिशुपाल हा वर योजिला. राजा भीष्मक पुत्रस्नेहाच्या आधीन होऊन त्यास संमत झाला. नगर शृंगारले गेले, ब्राह्मणांस दाने दिली गेली, शिशुपाल वऱ्हाड घेऊन आला. जरासंध, शाल्व, दंतवक्त्र आदी राजे सैन्यासह आले. श्रीकृष्ण आलेच तर लढावयाचे, असे ठरवूनच ते आले होते.

नेमणारा कोण?

येथे पहिला विचार करावयाचा तो ‘नेमलेले’ या शब्दाचा. शिशुपालाशी विवाह हे रुक्मिणीचे दैव होते असे रुक्मीला वाटत होते काय? त्याला तसे वाटण्याचे कारणच नव्हते, कारण ते त्याने स्वतः ठरविले होते. भागवतकाराने या योजनेच्या मुळाशी दोनच गोष्टी दाखविल्या आहेत, भावाचा द्वेष आणि बापाची दुर्बळता. ग्रह, नक्षत्र, ललाटलेख यांतले काहीही तेथे नाही. मुहूर्त पाहिला गेला, ग्रहशांती झाली, मंत्र म्हटले गेले, पण ते सर्व निर्णय झाल्यानंतर. द्वेषाने घेतलेल्या निर्णयास विधीचे वस्त्र नेसविले की तो दैवासारखा दिसू लागतो. लग्नमंडपात बसलेल्याला तो कोणी व का घेतला हे दिसत नाही.

आपल्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न व स्वतंत्र मानले आहेत. जीव कर्म करतो, त्याचे फळ देवतांच्या द्वारा भोगतो. नरक, कर्मभूमी, स्वर्ग ही फळे त्या मर्यादेतली. मोक्ष मात्र परमेश्वराशिवाय कोणी देऊ शकत नाही. आता कर्मफळ म्हणून जे येते, जसे शरीर, आयुष्य, रोग, वियोग, ते भोगणे जीवास प्राप्त आहे. पण दुसऱ्या जीवाने आपल्या रागद्वेषाने किंवा लोभाने आपणांवर लादलेली प्रत्येक गोष्ट प्रारब्धाच्या खाती टाकणे म्हणजे त्याचे कर्तृत्व झाकणे होय. तो करतो ते त्याचे नवे कर्म आहे, आणि त्यास आपण काय उत्तर देतो ते आपले नवे कर्म आहे. ही दोन्ही प्रारब्धात बुडवली तर विधी, निषेध, उपदेश, अनुसरण सगळेच व्यर्थ होईल.

शिवाय थोडा इतिहास पाहावा. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे पूर्ववृत्त आपण लीळाचरित्रात वाचतो. गुजरातेतील प्रधानाच्या घरचे राजपुत्रपण त्यांना नेमलेले होते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले आणि ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या दर्शनानंतर परत फिरले नाहीत. ज्या पंथाचा आरंभच असा, त्या पंथाच्या माणसाने ‘नेमलेले आहे, निमूट स्वीकार’ हे वाक्य फार जपून उच्चारावे.

पत्राचा विचार

रुक्मिणीने एका विश्वासू ब्राह्मणाहाती श्रीकृष्णांकडे निरोप धाडला. भागवतात तो सात श्लोकांचा आहे. ते सात श्लोक क्रमाने पाहिले असता त्यांत चार पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी श्रवणाची. तुमचे गुण ऐकले म्हणून चित्त तुमच्या ठायी जडले, असे ती सांगते. दर्शन नव्हते, संवाद नव्हता, केवळ श्रवण. असन्निधानी असलेल्या साधकाची स्थिती नेमकी हीच आहे. आपणही ऐकूनच अनुसरलो.

दुसरी पायरी समर्पणाची. मी स्वतःला अर्पण केले आहे, हे ती झालेली गोष्ट म्हणून कळविते. तिने परवानगी मागितलेली नाही. सिंहाच्या भागाला कोल्ह्याने स्पर्श करावा तसे शिशुपालाच्या बाबतीत घडू नये, एवढीच तिची विनंती आहे. नकार आधी व निवड नंतर असा तिचा क्रम नाही. निवड आधी झाली, म्हणून नकार देणे भाग पडले. हा क्रम ध्यानात ठेवावा, पुढे त्याचा उपयोग आहे.

तिसरी पायरी योजनेची. विवाह उद्यावर आला आहे, आदल्या दिवशी कुलरीतीप्रमाणे वधू नगराबाहेर गिरिजेच्या मंदिरास जाते, तेथून मला न्यावे. वेळ, स्थळ आणि मार्ग तिने सांगितला. आणि त्याचे कारणही सांगितले : अंतःपुरातून न्यावयाचे तर माझे बांधव मारले जातील, ते टळावे. ज्या बांधवांनी तिला विकल्यासारखे केले, त्यांच्याच प्राणांची काळजी त्या पत्रात आहे.

चौथी पायरी निश्चयाची. कृपा न झाली तर व्रतांनी कृश होऊन प्राण सोडीन, शंभर जन्म लागले तरी मागणे हेच राहील. हा शब्द आपण अक्षरशः उचलावयाचा नाही. देहत्यागाची भाषा साधकास विहित नाही. घ्यावयाचे ते एवढेच की तिच्या निश्चयाला मुदत नव्हती.

या चार पायऱ्यांत एक गोष्ट मुळीच नाही. ‘मी माझ्या बळाने सुटेन’ असे ती कोठेही म्हणत नाही. तिने करावयाचे ते सर्व केले आणि सोडविण्याचे श्रीकृष्णांवर ठेविले. जीवाचे प्रयत्न आणि परमेश्वराची कृपा यांचे नाते यापेक्षा स्पष्ट कोठे पाहावयास मिळेल? प्रयत्न न करणारा कृपेची वाट पाहतो असे म्हणतो, पण तो वाटही पाहत नसतो. केवळ प्रयत्नावर विसंबणारा शेवटी आपल्याच अहंकाराच्या अंतःपुरात अडकतो.

शंका पहिली : अंबिकेचे पूजन

आता चिमूरच्या भावाचा प्रश्न. अनन्यभक्ती हा आपला मार्ग, देवताभजन आपणांस निषिद्ध. मग रुक्मिणी अंबिकेच्या मंदिरात गेली, तिने पूजा केली, आणि श्रीकृष्ण पती व्हावेत असे मागितलेही. याची वाट काय?

काही जण म्हणतात की ते केवळ नगराबाहेर पडण्याचे निमित्त होते. हे अर्धेच समाधान आहे. मूळ ग्रंथात तिची प्रार्थना स्पष्ट आहे, ती झाकून समाधान करणे प्रामाणिक नव्हे. आपणांस न पटणारे वाक्य वगळून अर्थ लावणे ही रुक्मीची रीत झाली.

पूर्ण समाधान घटनाक्रमात आहे. ब्राह्मणाचा निरोप ऐकताच भगवंत त्याच रात्री रथारूढ होऊन निघाले व एका रात्रीत आनर्त देशाहून विदर्भात आले. बलराम सैन्य घेऊन मागोमाग आले. ब्राह्मणाने अंतःपुरात येऊन रुक्मिणीला ते वर्तमान सांगितले. राजा भीष्मकाने रामकृष्णांचा सत्कारही केला. आणि हे सर्व झाल्यानंतर रुक्मिणी मंदिराकडे निघाली. म्हणजे अंबिकेपुढे तिने हात जोडले तेव्हा ज्याची मागणी करावयाची तो नगरात येऊन उतरला होता. देवळातील प्रार्थना हे प्राप्तीचे कारण होऊच शकत नाही. कारण कार्याच्या आधी असते, येथे कार्य आधी घडून गेले आहे. श्रीकृष्ण आले ते तिच्या पत्राने, तिच्या अनन्य निवडीने.

मग तिने प्रार्थना का केली? ज्या घरात ती वाढली त्या घरची ती सवय होती. भगवंतांनी ती सवय सुटेपर्यंत वाट पाहिली नाही. जीव जसा आहे तसा त्यांनी उचलला. यात आपणांसाठी मोठा धीर आहे. परंतु उपदेश प्राप्त झालेल्या साधकाने त्यातून सवलत काढू नये. रुक्मिणीचे देवळात जाणे हे श्रीकृष्णांकडे येण्याच्या वाटेवरचे पाऊल होते. उपदेश घेतलेल्या मुलीस बळी देणाऱ्या पूजेत बसविणे हे त्या वाटेवरून मागे ओढणे आहे. दोन पावले एकाच उंबऱ्यावर दिसली तरी एक आत येणारे व एक बाहेर जाणारे असू शकते. आणि अहिंसेचा प्रश्न वेगळाच. तेथे रुक्मिणीच्या दाखल्याचा लेशही लागू पडत नाही, कारण तिने अंबिकेपुढे गंध, अक्षता, वस्त्रे, दीप वाहिले, कोणाचा गळा कापला नाही.

शंका दुसरी : आज्ञाभंग

दुसरी शंका अशी की वडील व बंधू यांची आज्ञा मोडणे हा अधर्म नव्हे काय? आज एक मुलगी रुक्मिणीचे नाव घेईल, उद्या प्रत्येक जण आपल्या मनसोक्त वागण्यास तेच नाव देईल.

ही शंका योग्य आहे व तिचे उत्तर याच प्रकरणात आहे. नकार अनन्यतेचा की स्वैरपणाचा, हे ओळखण्याच्या तीन खुणा येथे मिळतात.

पहिली खूण, नकार सत्य बोलून दिलेला असावा. भागवतात एक बारकावा आहे. मंदिराकडे जाताना रुक्मिणी मौन धरून, पायी, सैनिकांच्या पहाऱ्यात चालली होती. वधूने मौन पाळावे ही रीत. पूजा झाल्यावर तिने ते मौनव्रत सोडले आणि मग ती बाहेर आली. मौन हे साधकाचे भूषण आहे, पण दुसऱ्याने लादलेले मौन ही साधना नव्हे. चिमूरला हे वेगळे सांगावयास नको. १६ ऑगस्ट १९४२ रोजी नागपंचमीच्या दिवशी येथे उठाव झाला. गोळीबारात माणसे पडली, सरकारी अधिकारीही मारले गेले. त्या हिंसेचे समर्थन आपण करणार नाही. परंतु नंतर आलेल्या सैनिकांनी येथील स्त्रियांवर अत्याचार केले, तेव्हा लोकलाजेने गप्प राहणे हीच त्यांना नेमलेली भूमिका होती. त्या गप्प राहिल्या नाहीत. विचारपूस करावयास आलेल्यांसमोर त्यांनी घडले ते सांगितले. त्यांच्या शब्दावर प्राध्यापक भन्साळींनी चौकशीच्या मागणीसाठी ६३ दिवसांचे उपोषण केले. सत्य सांगण्याचे धैर्य केवळ राजकन्येचेच असते असे नाही.

दुसरी खूण, नकारात द्वेष नसावा. रुक्मी पाठलाग करीत आला, पराभूत झाला, भगवंतांनी त्याला मारण्यासाठी खड्ग उचलले. तेव्हा रुक्मिणी त्यांच्या पायां पडली व तिने भावाचे प्राण मागितले. प्राण वाचले, त्याचे केस व मिशा कापून त्याला विरूप करण्यात आले. बलरामांनी त्याबद्दलही श्रीकृष्णांस दोष दिला आणि रुक्मिणीचे सांत्वन केले. जिने भावाचा निर्णय मोडला, तिनेच भावाला वाचविले. ज्याच्या नकारात सूड मिसळला आहे, त्याने रुक्मिणीचे नाव घेऊ नये.

तिसरी खूण, अडथळा दूर झाल्यावरही निवड तीच राहावी. ही सर्वांत कठीण, म्हणून तिचा स्वतंत्र विचार करू.

द्वारकेतील परीक्षा

याच स्कंधाच्या ६०व्या अध्यायात भगवंत रुक्मिणीची थट्टा करतात. थोर थोर राजे तुझी इच्छा करीत होते, बापाने व भावाने तुला दिलेही होते, मग आम्हां निष्किंचनांना तू का वरलेस? आम्ही तर शत्रूंच्या भयाने समुद्रात येऊन राहिलो. अजून वेळ गेली नाही, योग्य असा कोणी राजा पाहा.

रुक्मिणीच्या हातातील चवरी गळून पडली, ती मूर्च्छित झाली. भगवंतांनी तिला उचलून सावरले. मग तिने एकेका वाक्याचे उत्तर दिले. तुम्ही निष्किंचन खरे, कारण तुमच्याहून वेगळे असे काही उरतच नाही, असा तिच्या उत्तराचा आशय आहे.

कुंडिनपुरात तिच्यावर सक्ती होती. सक्तीला नाही म्हणताना माणूस पुष्कळदा केवळ सक्तीला नाही म्हणत असतो. द्वारकेत सक्ती नव्हती, उलट दार उघडे करून दिले होते. तेथे ती राहिली. तेव्हा सिद्ध झाले की शिशुपाल नको म्हणून ती श्रीकृष्णांकडे आली नव्हती, श्रीकृष्ण हवेत म्हणून तिला शिशुपाल नको होता. पत्रातला क्रम येथे पडताळला गेला.

संन्यास घेतलेल्या आपणां सर्वांस हा अध्याय आरशासारखा आहे. आपण घर सोडले ते घराच्या त्रासाने, की परमेश्वराच्या ओढीने? त्रासाने सोडले असेल तर त्रास संपताच मठातही आपण घर मांडू. आणि आपल्याकडे कोणी मुलगी ‘लग्न नको’ म्हणून आली की लगेच ‘मग संन्यास घे’ म्हणण्याची घाई आपणही करू नये. रुक्मीने एक भूमिका नेमली, आपण दुसरी नेमू, तर फरक कशात राहिला?

पंथपरंपरेतील दोन दाखले

हे प्रकरण आपल्या पूर्वजांनी केवळ लिहिले नाही, ते जगून दाखविले.

कवी नरेंद्रांनी इ. स. १२९२च्या सुमारास ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. परंपरा सांगते की देवगिरीच्या रामदेवराय यादवाने प्रत्येक ओवीस सुवर्णनाणे देऊन ते काव्य आपल्या नावावर मागितले. दरबारी कवीला नेमलेले काम ते करणे सोपे होते. नरेंद्रांनी नाकारले, आठवतील तेवढ्या ओव्या घेऊन राजाश्रय सोडला आणि ते श्रीनागदेवाचार्यांना अनुसरले. रुक्मिणी ज्याची, त्याच्याशिवाय दुसऱ्याच्या नावे तिला करावयाचे नाही, हा अर्थ त्या कवीला लिहिता लिहिताच उमगला असावा.

दुसरा दाखला महदाइसेचा. ती बालविधवा. त्या काळच्या समाजात विधवेची जागा ठरलेली होती, आणि मंगलकार्यात तर तिची सावलीही नको. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीळेत वरगीते म्हणावयाची वेळ आली तेव्हा प्रभूंनी ती महदाइसेकडून म्हणविली. तिने रुक्मिणी व श्रीकृष्ण यांच्या विवाहाचे धवळे गाइले. त्यांचा पुढील भाग तिने नंतर पूर्ण केला. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आज सर्व महाराष्ट्र तिला ओळखतो. पण आपण नीट पाहावे : ज्या कंठाला समाजाने लग्नमंडपात बंदी केली होती, त्याच कंठातून परमेश्वराने लग्नगीत घेतले. आणि विषयही असा की नेमलेले लग्न नाकारून परमेश्वराला वरणाऱ्या राजकन्येचा. कपाळावर लिहिलेले पुसता येते का, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पंथात सातशे वर्षांपूर्वीच गाइले गेले आहे.

फलित

पुढच्या बैठकीत त्याच मंडळींसमोर मी सांगितले की मागचे माझे उत्तर चुकले होते. वरील विवेचन केले. मुलीचा भाऊ बसला होता. त्याने खाली मान घालून इतकेच विचारले, “बाबा, मग रुक्मी मी झालो का?” मी म्हणालो, “रुक्मीचे प्राण वाचविणारी बहीण घरात आहे, तोवर घाबरू नको. तिला एकदा विचार.” पुढचा निर्णय त्या घराचा आहे, तो येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

तात्पर्य असे. कर्मफळ भोगावे, दुसऱ्याचा द्वेष दैव म्हणून भोगू नये. नकार द्यावयाचा तर तो निवडीतून यावा, सत्य बोलून यावा, द्वेषाविना यावा. आणि आपले करणे संपले की सोडविणाऱ्यावर भार टाकावा. तो एका रात्रीत येतो की शंभर जन्मांनी, हे मोजण्याचे काम आपले नाही.

मननार्थ प्रश्न

१. रुक्मिणीच्या पत्रातील चार पायऱ्या सांगून प्रत्येकीचे साधकाच्या जीवनातील स्थान स्पष्ट करा.
२. अंबिकापूजन हे श्रीकृष्णप्राप्तीचे कारण नव्हे, हे घटनाक्रमाने सिद्ध करा.
३. द्वारकेतील प्रसंगावाचून कुंडिनपुरातील प्रसंग अपुरा का राहतो?
४. आपल्या घरात ‘नशीब’ म्हणून सांगितली जाणारी एक गोष्ट निवडा. तिच्यात कर्मफळ किती व दुसऱ्याचा निर्णय किती, याचा एकांतात विचार करा.

दंडवत प्रणाम.